बाराच्या बारा खुशाल

शेजारच्या खालाच्या कोंबडीच्या पिल्लांना जो काही त्रास झाला तो सगळा प्रेमानं आणि स्वच्छतेनं झाला, हे मी आधीच सांगून टाकते. कुत्र्यानं एकही नेलं नाही, घारीनं एकही उचललं नाही. जी गेली ती आमच्या सेवेनं गेली. हे लिहिताना मला हसू येतं, आणि सासूबाई आसपास असल्या की ते दाबावं लागतं.

आम्ही मंगरूळपीरला राहतो. गावाबाहेर आमचा भाजीचा मळा आहे, मेथी, कोथिंबीर, वांगी असं काय काय. घर मात्र गावात, गल्लीत. घर माळकरी आहे. किती माळकरी, तर एका वर्षी कॅलेंडरच्या एका पानावर अंड्यांची जाहिरात आली, तेव्हा सासूबाईंनी ते अख्खं पान वर्तमानपत्र चिकटवून झाकलं. महिनाभर आम्ही एकादशी कधी आहे ते शेजारी विचारायला जायचो. शेजारी म्हणजे खालाकडे. खाला बघून सांगायची आणि वर म्हणायची, "उपास कराचा हाये तुमाले अन् ध्यानात ठिवाव लागते मले."

खाला रजया भरते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती मुलगी अनसिंगला दिली आहे. घरात ती, कापसाचे गठ्ठे आणि कोंबड्या. गल्लीत लहानथोर सगळे तिला खालाच म्हणतात, वयानं तिच्याएवढ्या असलेल्या सासूबाईसुद्धा. दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. भिंत कोंबड्यांना अडवत नाही. त्या रोज सकाळी आमच्या अंगणात येतात, सासूबाईंनी वाफ्यात लावलेली कोथिंबीर उकरतात आणि शिव्या खाऊन परत जातात. सासूबाईंच्या त्या शिव्यांवरून गल्लीला कळतं की सात वाजले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला खालाच्या मुलीला आठवा महिना लागला आणि तिच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलं. खालाला जावं लागलं. जाताना ती किल्ली घेऊन आमच्या दारात आली.

"अमानत समज, बाई," ती सासूबाईंना म्हणाली. "यंदा एकच मुर्गी हाये अन् तिचे बारा पिल्ले. दाना टाकजो, पानी ठिवजो, सांजी डालं झाकजो. बाकी काही करू नको."

शेवटचं वाक्य सासूबाईंनी ऐकलंच नाही. त्यांच्या कानात एकच शब्द राहिला. अमानत. कोणी विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू. शेजारणीची चाळणी उसनी आणली तर ती धुऊन, पुसून, उन्हात वाळवून परत नेणारी ही बाई. तिच्याकडे आता बारा जिवंत चाळण्या आल्या होत्या. "ते आली का तिले बाराच्या बारा मोजून देईन," असं त्यांनी खाला एस.टी.त बसण्याआधीच गल्लीत चार ठिकाणी सांगून टाकलं. खाला परतेल तेव्हा बारा असली पाहिजेत. आमच्या घरात पुढचे तीन आठवडे दुसरा कुठलाही विषय नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई नाकाला पदर लावून खालाच्या अंगणात शिरल्या आणि दोन तासांनी बाहेर आल्या तेव्हा ते खुराडं राहिलं नव्हतं, ते देवघर झालं होतं. जमीन शेणानं सारवलेली. भिंतीला गेरू. वर गोमूत्राचा शिडकावा. दारासमोर चार ठिपक्यांची रांगोळी, जी पिल्लांनी लगेच खाऊन टाकली. संध्याकाळी पुन्हा सडा. रोज दोन वेळा. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्या खोलीकडे त्यांनी कधी इतकं लक्ष दिल्याचं आठवत नाही.

"आई, रोज कशाला? वास तर येत नाही आता," मी एकदा म्हटलं.

"वास नाही येत म्हनूनच टाकतो," त्या म्हणाल्या.

आठ-नऊ दिवस बरे गेले. मग एक दिवस पिल्लं पंख पसरून, मान आत ओढून, एका कोपऱ्यात उभी राहिली. दाण्याकडे बघेनात. सासूबाई म्हणाल्या, त्यांना खालाची आठवण येते. त्यांनी खालाची जुनी ओढणी दोरीवरून काढून पिल्लं झाकायच्या डाल्याजवळ टांगली. फरक पडला नाही. मग म्हणाल्या, नजर लागली. एवढं स्वच्छ खुराडं गल्लीत कोणाचं आहे? मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. कोंबडी हे सगळं एका डोळ्यानं बघत होती आणि तिला काहीही झालेलं नव्हतं. तिची तब्येत तर सुधारलीच होती.

नंतर विष्ठेत लाल दिसलं. इथे माझा नंबर लागला. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आहे, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मी ते सांगत असते. मी वाकून निरीक्षण केलं आणि शांतपणे निदान केलं.

"टमाटे खाल्लेत. काही नाही त्यात."

मळ्यातले फुटके टमाटे आम्ही त्यांना टाकत होतो हे खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू मेलेलं होतं, त्यानंतरच्या दिवशी दोन. आणि मी टमाट्यांबद्दल बोलणं बंद केलं.

मेलेल्या पिल्लांचं काय करायचं यावर घरात वाद झाला. सासरे म्हणाले, उकिरड्यावर टाकू. सासूबाई भडकल्या. "उकिरड्यावर? खालाच्या घरचे हायेत ते. त्याइच्यात पुरतेत." त्यांनी स्वतः मळ्याच्या टोकाला हातभर खड्डा खणून घेतला, वर चुना टाकला, माती दाबली आणि दगड ठेवला. काय म्हणायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून दोन मिनिटं डोक्यावर पदर घेऊन गप्प उभ्या राहिल्या. सासरेही टोपी घालून उभे राहिले. तीन आठवड्यांत आमच्याकडून शास्त्राप्रमाणे झालेली ही पहिली गोष्ट होती, असं पुढे डॉक्टरांनीच सांगितलं.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला खालाचा फोन आला. ती रोज त्याच वेळेला करायची.

"कशे हायेत वं माये पिल्ले?"

मी सासूबाईंकडे बघत होते. आयुष्यात खोटं न बोललेली बाई. त्यांनी घसा साफ केला आणि मी कधी न ऐकलेल्या मधाळ आवाजात म्हणाल्या, "बाराच्या बारा खुशाल! मस्त खेळून राह्यले. तू काही फिकर करू नको. पोरगी कशी हाये?"

"खुशाल," खाला म्हणाली.

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी खोट्याचं प्रायश्चित्त म्हणून तीन माळा जास्तीच्या ओढल्या. हा त्यांचा हिशेब पुढे रोजचा झाला, मेलेल्या प्रत्येक पिल्लामागे एक माळ, त्यामुळे संध्याकाळचा सगळा स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला.

शेवटी आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो. एक आजारी पिल्लू सासूबाईंनी फुलांच्या परडीत घेतलं, खाली मऊ फडकं घालून. विष्ठा तपासायला लागेल असं मी म्हटलं होतं, तर ती त्यांनी पळसाच्या द्रोणात घेतली आणि वरून दुसरा द्रोण पालथा घातला. रांगेत आमच्या पुढे एक म्हैस आणि दोन बकऱ्या होत्या. बकरीवाल्यानं परडी बघितली, सासूबाईंच्या गळ्यातली माळ बघितली, द्रोण बघितला आणि हात पुढे केला. त्याला प्रसाद वाटला. मी त्याला वेळेवर अडवलं.

डॉक्टरांनी पिल्लू उलटं करून पाहिलं, द्रोण उघडून पाहिला.

"लाल हगवण," ते म्हणाले. "पन या दिवसांत कशी? पावसाळ्यात येते हे. ओल पाहिजे त्याले. खुराड्यात पानी सांडते काय?"

"सांडत नाही, मी टाकतो," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "रोज सडा टाकतो, शेनानं सारवतो. माया घरापरीस साफ हाये ते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रोज?"

"दोन टाइम."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि बरंच सबुरीनं सांगितलं. या रोगाचा जंतू विष्ठेतून बाहेर पडतो. बाहेर पडल्या पडल्या तो काही करू शकत नाही. त्याला एक-दोन दिवस ऊब आणि ओल मिळाली तरच तो तयार होतो. मग पिल्लू जमिनीवर चोच मारतं, तो पोटात जातो, आतडी सोलून काढतो आणि रक्त पडतं. मोठ्या कोंबडीला काही होत नाही. तिनं लहानपणीच भोगलेलं असतं, ती नुसती वाटत फिरते. कोरड्या जमिनीवर बहुतेक जंतू तसेच वाळून जातात.

"अन् तुमी त्याले सकाळ-संध्याकाळ ओलावा देऊन पिकवून राह्यल्या, माय," डॉक्टर म्हणाले.

मला त्या क्षणी सगळं आठवलं. या जंतूच्या जीवनचक्राची आकृती मी परीक्षेत काढली होती, बाण रंगीत पेन्सिलींनी दाखवले होते, आणि सरांनी ती वर्गाला दाखवली होती. ती आकृती आमच्या शेजारच्या अंगणात आठवडाभर चालू होती आणि मी टमाटे म्हणत होते. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल. मी खाली बघून द्रोण पुन्हा झाकला.

सासूबाईंचं मात्र तोंड पडलं. त्यांना रोग समजला नव्हता, दोष तेवढा समजला होता. ज्या गोष्टीसाठी आयुष्यभर लोकांनी त्यांचं नाव काढलं, त्याच गोष्टीनं तीन पिल्लं मेली होती.

डॉक्टरांनी पुड्या दिल्या. पुडीवर लिहिलंय तेवढंच औषध पिण्याच्या पाण्यात घालायचं, पाणी रोज ताजं करायचं, आणि पिल्लांना दुसरं कुठलंही पाणी मिळू द्यायचं नाही. सारवलेली जमीन खरवडून काढायची, उन्हात वाळू द्यायची, वर राख आणि कोरडा भुसा पसरायचा. भुसा ओला झाला की तेवढा काढून टाकायचा. "अन् मुख्य म्हंजे हात लावू नका. सेवा बंद. पाच दिवस."

पाच दिवस! सासूबाईंनी आयुष्यात अनेक उपास केले आहेत, पण असा नाही. सकाळी उठून त्या आमच्या अंगणात सडा टाकायच्या आणि उरलेली बादली घेऊन भिंतीपाशी उभ्या राहायच्या. पलीकडे राख, भुसा, धूळ. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"थोडासाच? कोपऱ्यात?" त्या मला विचारायच्या.

"नाही."

"गोमूत्र तं औषधच हाये ना वं."

"ओलं आहे ते, आई."

शेवटी त्यांनी बादली तिथंच ओतायची आणि तोंड फिरवून घरात जायचं असं ठरवलं. आमच्या बाजूची कोथिंबीर त्या आठवड्यात वाफ्यात कुजली.

दुसऱ्या दिवशी रक्त कमी झालं. दोन पिल्लं दाण्याकडे आली. सासूबाईंनी फोनवर "बाराच्या बारा" जरा खऱ्या आवाजात म्हटलं. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन मेली.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं विचारून घेतलं. भुसा कोरडा आहे? आहे. पुडी बरोबर? बरोबर. दुसरं पाणी? नाही. मग म्हणाले, "पान्याचा रंग पाहा बरं. वास घेऊन पाहा." मी फोन कानाला लावूनच भिंत ओलांडली. पाणी पिवळं होतं. वास मला चांगला ओळखीचा होता, कारण आमच्या घरात जेवणानंतर रोज तोच वास येतो. सासऱ्यांच्या पायांना मुंग्या येतात म्हणून त्यांना ताकदीच्या गोळ्या दिल्या आहेत. बी कॉम्प्लेक्स.

"अशक्त दिसत होते बिचारे," सासरे ओट्यावर बसून म्हणाले. "दोन गोळ्या कुटून टाकल्या. कालपासून. मले तं लय फायदा होते."

गोळ्यांचं नाव मी फोनवर डॉक्टरांना सांगितलं. मग ते म्हणाले, पुडीचं औषध असं काम करतं की जंतूला लागणारं एक जीवनसत्त्व ते त्याला मिळू देत नाही. जंतू उपाशी मरतो. तेच जीवनसत्त्व त्या गोळीत असतं. म्हणजे मी एका बाजूनं जंतूचं जेवण बंद करत होते आणि सासरे दुसऱ्या बाजूनं त्याला पंगतीला बसवत होते.

संध्याकाळी सासूबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, "चाळीस वर्सांत ह्याइनं मले पान्याचा तांब्या भरून नाही देल्ला, अन् पिल्लाइचं पानी तयार कराले गेले." सासऱ्यांनी त्या दिवशी स्वतःची गोळीही घेतली नाही. मळ्याच्या टोकाला दुसरा खड्डा त्यांनी एकट्यानं खणला.

पाच दिवस पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मी खालाच्या अंगणाचं दार बंद करून किल्ली माझ्या कमरेला लावली. कोणीही प्रेम करायचं नाही. मीही आत गेले की पाणी बदलायचं, ओला भुसा काढायचा, बाहेर यायचं. पायातल्या चपलासुद्धा आतल्या आत ठेवल्या. घरच्यांना माझा रागच आला असणार. सासूबाई भिंतीवरून मान उंच करून मोजायच्या. सात. दुपारी पुन्हा सात. दुसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशी त्या सातही जणांनी भिंतीवर चढायचा प्रयत्न केला, आणि सासूबाई आनंदानं ओरडल्या, "अवं, हे तं कोथिंबीर खाले येऊन राह्यले!"

वाफ्यात कोथिंबीर उरलीच नव्हती. पण तो त्यांचा आनंद मी विसरणार नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी, न सांगता, दुपारच्या गाडीनं खाला आली. हातात एक पिशवी. ती स्वतःच्या घरी गेली नाही, आधी आमच्या उंबऱ्यावर टेकली. मी पाणी दिलं. सासूबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या.

"सात हायेत," त्या म्हणाल्या. "पाच मेले. मायाच हातानं मेले. मी रोज फोनवर झूट बोललो तुले. अमानत नाही सांभाळली मी, खाला."

खालानं तांब्या खाली ठेवला. "मले मालूम होतं."

"कसं काय?"

"आधी तू रोज फोनवर माया कोंबडीले शिव्या देत होती, मंग एक दिस एकबी देल्ली नाही. त्याच दिशी समजलं मले, का काहीतरी मेलं." ती थोडी हसली. "अन् सात म्हंजे लय झाले बाई. माया हाती तं चारच रायतेत दरसाल. कोनी मांजर नेते, कोनी असंच मरते."

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. पाच माळांचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मी वातावरण हलकं करावं म्हणून विचारलं, "आणि खाला, तुमची मुलगी कशी आहे?"

"खुशाल," खाला म्हणाली.

मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. सासूबाईंना वाटलं. तो मधाळ आवाज त्यांनी स्वतः इतके दिवस वापरला होता. त्या खाली बसल्या.

"खाला. खरं सांग."

मग खालानं सांगितलं. आठ दिवसांपूर्वीच, दिवस भरायच्या आधी, मुलगी बाळंत झाली होती. नात झाली. हाताच्या पंजाएवढी. वाशिमला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. मुलगी तिथंच पडून होती. खाला कपडे न्यायला आली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार होती.

"मले काहून नाही सांगितलं?" सासूबाई जवळजवळ किंचाळल्या.

"तू सांगितलं काय मले?"

मी तिथून निघून जावं की थांबावं ते मला कळेना. मग सासूबाईंनी पदर खोचला आणि एकेक प्रश्न विचारायला लागल्या, अगदी त्या डॉक्टरांसारख्या, पेन नाही एवढंच.

"जागा कोरडी हाये काय ते?"

"लय साफ हाये, बाई."

"साफ नाही विचारलं. कोरडी?"

"हाव. कोरडी हाये."

"कोनी हात लावते?"

"मले बी नाही लावू देत. काचेतून पाह्यतो मी, दुरून."

"औषध डाक्टरच देतेत का, मंधात घरचं कोनी आपल्या मनानं काही घालते?"

"डाक्टरच. कोनालेच जाऊ नाही देत अंदर."

सासूबाईंनी मान हलवली. सगळं बरोबर होतं.

"मंग वाचते ते," त्या म्हणाल्या. "आता मले समजते त्यातलं."

आणि खाला, जी आठ दिवस दवाखान्यात कोणासमोर रडली नव्हती, ती आमच्या उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रडायला लागली.